पाडलेल्या थिएटरातलं घर

आपल्याकडे जुनं नाटक पुन्हा आलं की जाहिरातीत दोन शब्द हमखास असतात: ‘नव्या संचात’. लोक विचारतात, आता ती भूमिका कोण करतंय? नेपथ्य जुनंच आहे की नवं, हे कुणी विचारत नाही. 2012 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ परत आलं तेव्हा मात्र तिकीट काढणाऱ्यांच्या तोंडी नटाइतकीच नेपथ्याचीही चर्चा होती. संच नवा होता आणि घर 1949 सालचं होतं. दिग्दर्शक माइक निकोल्सने जो मील्झिनरचं मूळ नेपथ्य पुन्हा उभं केलं आणि ॲलेक्स नॉर्थचं मूळ पार्श्वसंगीतही परत आणलं. हे सगळं 47व्या रस्त्यावरच्या एथेल बॅरिमोर थिएटरात मांडलं.

एखाद्या दिग्दर्शकाने असं का करावं? अभिजात नाटक हाती आलं की दिग्दर्शकाची पहिली ऊर्मी त्यावर आपली मोहर उमटवण्याची असते. निकोल्स तेव्हा ऐंशीचा होता. दिग्दर्शनाचं पहिलं टोनी, म्हणजे ब्रॉडवेवरचं मानाचं पारितोषिक, त्याला 1964 साली मिळालं होतं. त्याला नवं नेपथ्य सुचलं नसतं, असं म्हणायला जागा नाही. त्याने जाणूनबुजून दुसऱ्याचं घर घेतलं. हा निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. पण त्याची कारणं नॉस्टॅल्जियात शोधू नयेत, ती नाटकाच्या बांधणीत आहेत. आणि त्या निर्णयाने जे सुटलं नाही, तेही पाहायला हवं.

तीन चौथरे आणि एक घर

1948 साली कनेटिकटमधल्या रॉक्सबरीत मिलरने स्वतःच्या हातांनी एक छोटी खोली बांधली आणि तिथे बसून हे नाटक लिहिलं. पहिला अंक जवळजवळ एका बैठकीत उतरला, बाकीच्याला सहा आठवडे लागले. डोक्यात आधी घोळणारं नाव होतं ‘द इनसाइड ऑफ हिज हेड’, म्हणजे ‘त्याच्या डोक्याच्या आत’. विली लोमन हा साठी ओलांडलेला फिरता विक्रेता गाडी चालवता चालवता भूतकाळात घसरतो. घरी येतो तर स्वयंपाकघरात बसल्या बसल्या सोळा वर्षांपूर्वीच्या दुपारी पोचतो, मुलं लहान होतात, मेलेला भाऊ येऊन उभा राहतो. त्याच्या लेखी हे सगळं आत्ताच घडत असतं. मिलरला हे ‘फ्लॅशबॅक’ वाटत नव्हतं. भूत आणि वर्तमान एकाच वेळी, एकाच जागेत हवे होते.

पण ते रंगमंचावर कसं करायचं, याचं उत्तर मिलरच्या संहितेत नव्हतं. त्याच्या मनात तीन उघडे चौथरे आणि लागेल तेवढंच सामान होतं. मील्झिनरने वाचून ठरवलं की विलीचं घर हेच या नाटकाचं मध्यवर्ती चिन्ह आहे. ते प्रत्येक प्रवेशात समोर राहिलं पाहिजे; ऑफिसात, हॉटेलात, बोस्टनच्या खोलीत कथा गेली तरी घर मागे तसंच. प्रवेश बदलताना दिवे घालवून सामान हलवण्याची पद्धत त्याला नको होती. विलीचं मन जर ब्लॅकआउट घेत नाही, तर रंगमंचाने का घ्यावा?

मग त्याने घराचा सांगाडा उभा केला. छपराची नुसती रेषा, भिंती नाहीत. मध्ये स्वयंपाकघर: एक टेबल, तीन खुर्च्या, एक फ्रिज, बाकी काही नाही. उजवीकडे दोन फूट उंचावर नवराबायकोची खोली. तिथे पितळी पलंग, एक खुर्ची आणि फळीवर खेळात मिळालेला चांदीचा चषक. मागे साडेसहा फूट उंचीवर मुलांची खोली. आणि या सगळ्याला घेरून उभ्या ठाकलेल्या अपार्टमेंटच्या इमारती, पारदर्शक कापडावर रंगवलेल्या, मागून दिवा पडला की संतापल्यासारख्या नारिंगी होणाऱ्या. विली भूतकाळात गेला की त्याच इमारती विरून जायच्या आणि घरावर पानांची सावली पसरायची.

नियम एकच, पण साऱ्या नाटकाचा भार त्यावर. वर्तमानातल्या प्रवेशात नट काल्पनिक भिंती पाळतात. दारातूनच आत येतात, दारातूनच बाहेर जातात. भूतकाळात त्याच भिंतीतून सरळ चालत पुढे येतात. प्रेक्षकाला हे कुणी समजावून सांगत नाही. पाच मिनिटांत त्याला आपोआप कळतं, आणि त्यानंतर एखादं पाऊल भिंतीच्या जागी थांबलं की आरपार गेलं, एवढ्यावरून साल समजतं.

एक अडचण राहिली होती. वरच्या खोलीत बिफ आणि हॅपी हे दोघे मोठे झालेले भाऊ पायजम्यात अंथरुणावर आडवे होतात, आणि काही क्षणांत तेच दोघे शाळकरी पोरं होऊन खालच्या अंगणात बापाच्या गाडीला पॉलिश करायला हजर व्हायला हवेत. जिन्याने उतरले तर प्रेक्षकाला दिसणार, जादू संपली. म्हणून मील्झिनरने पलंगांखाली लिफ्ट बसवल्या. नट पांघरुणात शिरायचा आणि पलंगातूनच खाली उतरायचा. वर खोली आपली झोपलेलीच. तळाशी कपडे बदलून, विंगेतून धावत, तो सतरा वर्षांचा होऊन यायचा.

हे वाचताना आपल्याकडच्या प्रयोगांची सवय असलेल्याला हसूच येईल. सकाळी टेम्पोतून सेट उतरवायचा, दुपारी लावायचा, रात्री मोडून दुसऱ्या गावाला निघायचं, तिथे पलंगाखाली लिफ्ट कोण बसवणार? ब्रॉडवेवर नाटक एकाच थिएटरात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतं. इमारत आणि नाटक एकमेकांत रुतून बसतात. म्हणूनच तिथे कुठलं नाटक कुठल्या थिएटरात आलं, याला नुसत्या पत्त्यापेक्षा जास्त अर्थ असतो.

यातून जे घडलं ते महत्त्वाचं. नाटक छापून आलं तेव्हा सुरुवातीच्या रंगसूचनांत हे घर आलं: दोन फूट, साडेसहा फूट, पितळी पलंग, नारिंगी झळ, काल्पनिक भिंतींचा नियम, सगळं. बासरीचा सूरही आला, गवत आणि झाडं आणि क्षितिज सांगणारा. विलीचा बाप बासऱ्या बनवून विकायचा, म्हणून तो सूर. म्हणजे आज जगात कुठेही कुणी ही संहिता उघडतो तेव्हा पहिल्या पानावर त्याला मिलरच्या शब्दांत मील्झिनरचं घर भेटतं. नेपथ्यकाराचं काम लेखनात मुरलं. 1949च्या टोनी पारितोषिकांत उत्कृष्ट नाटकाबरोबर दिग्दर्शक इलिया कझान आणि नेपथ्यकार मील्झिनर यांचीही नावं होती. त्याच वर्षी नाटकाला पुलित्झरही मिळालं.

(जाता जाता: निर्माता कर्मिट ब्लूमगार्डनला नावातला ‘डेथ’ शब्द नको होता, अशाने तिकीट कोण काढणार म्हणून. पर्याय म्हणून ‘फ्री अँड क्लिअर’ सुचवलं गेलं होतं. शेवटी बायको थडग्याशी बसून घराचा शेवटचा हप्ता फिटल्याचं सांगते, त्यावरून. मिलरने ऐकलं नाही. नाटकाचे 742 प्रयोग झाले.)

मोरोस्को

हे 742 प्रयोग 45व्या रस्त्यावरच्या मोरोस्को थिएटरात झाले. 10 फेब्रुवारी 1949ला पहिला. मोरोस्को 1917चं, शूबर्ट बंधूंनी बांधलेलं; वास्तुरचनाकार हर्बर्ट क्रॅप. यूजीन ओनीलचं ‘बियाँड द होरायझन’ 1920 साली इथेच आलं. टेनेसी विल्यम्सचं ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ 1955 साली इथेच.

1982च्या मार्चमध्ये मोरोस्को पाडलं. टाइम्स स्क्वेअरला एक प्रचंड हॉटेल यायचं होतं, आणि त्याच्या जागेसाठी शेजारची आणखी थिएटरंही गेली, त्यांत हेलन हेज आणि बिजू. निर्माता जोसेफ पॅपच्या पुढाकाराने रंगकर्मी रस्त्यावर उतरले, कित्येकांना अटक झाली. न्यायालयाची शेवटची आशा संपली त्याच दिवशी यंत्रं भिंतीला भिडली. 1985 साली तिथे मॅरियट मार्की हॉटेल उघडलं; त्याच्या पोटात एक नवं थिएटरही आहे.

त्या धक्क्याने शहराला जाग आली. उरलेल्या जुन्या थिएटरांना वारसा म्हणून संरक्षण द्यायची मोहीम सुरू झाली, आणि 1987च्या सुमारास एकामागून एक इमारती यादीत आल्या. गंमत अशी की थिएटरांचे मालकच याविरुद्ध कोर्टात गेले. आमच्या मालमत्तेवर बंधनं घालता आणि भरपाई काही नाही, ही त्यांची तक्रार. 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला तेव्हा वाद मिटला. मालकांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. हजार खुर्च्यांचं थिएटर मधल्या मॅनहॅटनमध्ये चालवणं म्हणजे सोन्याच्या जमिनीवर भाजीपाला लावणं. पुढे थिएटरच्या डोक्यावरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क आसपासच्या जागांना विकण्याची मुभा वाढवली गेली, तेव्हा कुठे या गणिताला थोडा आधार मिळाला.

यादीत आलेल्यांपैकी एक एथेल बॅरिमोर.

बॅरिमोरच का

बॅरिमोरही शूबर्ट बंधूंचंच, क्रॅपचंच. अभिनेत्री एथेल बॅरिमोरला आपल्याकडे ओढण्यासाठी शूबर्टांनी तिच्या नावाचं थिएटर देऊ केलं आणि 20 डिसेंबर 1928ला तिच्याच नाटकाने ते उघडलं. नाव तेव्हापासून बदललेलं नाही. बाहेरून पाहिलं तर रोमन स्नानगृहाच्या खिडकीसारखी भव्य जाळीदार कमान. आत खुर्च्या हजाराहून थोड्या जास्त, बाल्कनी एकच. क्रॅपची थिएटरं अशीच असतात: खोलीला कमी आणि रुंदीला जास्त, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाच्या कपाळावरची आठी दिसावी अशी.

आणि एक मजेशीर गोष्ट. ‘सेल्समन’ ब्रॉडवेवर 1984 साली डस्टिन हॉफमनला घेऊन आलं ते ब्रॉडहर्स्टमध्ये. 1999 साली ब्रायन डेनेहीला घेऊन आलं, बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, 10 फेब्रुवारीला, ते यूजीन ओनील थिएटरात. ही दोन्हीही क्रॅपचीच. मोरोस्को, ब्रॉडहर्स्ट, ओनील, बॅरिमोर: विली लोमन चारदा एकाच माणसाने आखलेल्या घरांत राहायला गेला. कुणी ठरवून केलं असेल असं नाही. पण नाटकाचं माप आणि थिएटरचं माप जुळत होतं, हे खरं. तीन हजार खुर्च्यांच्या सभागृहात ही चार माणसांची कुचंबणा टिकत नाही.

बॅरिमोरचं या नाटकाशी आणखी एक नातं आहे, आणि मला ते सगळ्यांत जास्त भावतं. 3 डिसेंबर 1947ला याच रंगमंचावर ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ आलं. दिग्दर्शन कझान, नेपथ्य मील्झिनर. (मराठीत तेंडुलकरांनी ते ‘वासनाचक्र’ नावाने आणलं.) न्यूयॉर्कला येण्यापूर्वी न्यू हेवनला त्याचे प्रयोग लागले होते तेव्हा कझानने मिलरला ते पाहायला बोलावलं. भाषा इतकी मोकळी सोडता येते, हे पाहून मिलर हलला; त्याने पुढे आत्मचरित्रात तसं नोंदवलं आहे. ‘सेल्समन’ त्यानंतर काही महिन्यांत लिहिलं गेलं. दिग्दर्शक आणि नेपथ्यकारही तेच घेतले. म्हणजे मोरोस्कोतल्या नाटकाचं बी बॅरिमोरला येऊ घातलेल्या नाटकात पडलं होतं. निकोल्सने किशोरवयात या दोन्ही नाटकांचे मूळ प्रयोग पाहिले होते. बर्लिनहून जीव वाचवून आलेल्या कुटुंबातला हा पोरगा. त्या दोन रात्रींनी त्याच्या डोक्यात रंगभूमी म्हणजे काय हे कायमचं बसवलं.

त्यामुळे 2012 साली मील्झिनरचं घर बॅरिमोरमध्ये आलं तेव्हा ते परक्या छपराखाली आलं नव्हतं. त्याच माणसाचा दुसरा सांगाडा तिथे पासष्ट वर्षांपूर्वी उभा राहून गेला होता.

दुसरे रस्ते

निकोल्ससमोर पर्याय होते, आणि ते वाईट नव्हते. 1999च्या प्रयोगात रॉबर्ट फॉल्सने फिरता रंगमंच वापरला. घराचे तुकडे सरकत, विलीच्या डोक्यातलं फिरणं जणू बाहेर दिसे. 2022 साली हडसन थिएटरात वेंडेल पिअर्सला घेऊन लोमन कुटुंब कृष्णवर्णीय झालं. तिथे घराच्या चौकटी आणि सामान वरून टांगलेलं होतं, प्रवेशागणिक उतरायचं. दोन्ही वाटांनी नाटक नवं झालं. हॉवर्डच्या ऑफिसात एक गोरा मालक कृष्णवर्णीय विलीला नोकरीवरून काढतो तेव्हा त्याच वाक्यांना वेगळाच जडपणा येतो. एकही शब्द न बदलता.

मग जुनं घर कशाला? माझं उत्तर असं. फिरत्या रंगमंचावर विली भरकटतो ते आपल्याला *दिसतं*. मील्झिनरच्या घरात काहीच हलत नाही, आणि तरी विली हरवतो. ज्या स्वयंपाकघरात आत्ता बायकोशी बोलत होता त्याच स्वयंपाकघरात तो पंधरा-सोळा वर्षं मागे जाऊन पडतो. टेबल तेच, खुर्ची तीच. पाहणाऱ्यालाच क्षणभर कळेनासं होतं की हे कधीचं. घर स्थिर राहिल्यामुळेच माणसाचं अस्थिर होणं अंगावर येतं. हे साधण्यासाठी रंगमंचाला कमीत कमी करावं लागतं, आणि कमीत कमी करायला लावणारं नेपथ्य निकोल्सला नव्याने शोधायची गरज नव्हती.

मील्झिनर 1976 साली गेला; मिलर 2005 साली, तोही 10 फेब्रुवारीला. रेखाटनं मागे राहिली होती, त्यावरून घर उभं करता आलं. पण उभं करणाऱ्याची खरी कसोटी दिव्यांत होती. मूळ प्रयोगात अर्धं नेपथ्य प्रकाशाचंच होतं: इमारती विरणं, पानं उमटणं, नारिंगी झळ चढणं. 1949च्या दिव्यांनी जे कष्टाने साधलं ते 2012च्या दिव्यांनी सहज होतं, आणि सहज होणं हाच धोका. सफाईदार पानं पडद्यावरच्या जाहिरातीसारखी दिसतात. प्रकाशयोजनाकार ब्रायन मॅकडेव्हिटच्या कामाचं तेव्हा कौतुक झालं ते या संयमासाठी, असं मी मानतो.

हॉवर्डचं यंत्र

एक प्रवेश जवळून पाहू, म्हणजे घराचं काम समजेल.

दुसऱ्या अंकात विली मालकाच्या ऑफिसात जातो. मालक हॉवर्ड छत्तीस वर्षांचा. त्याच्या बापाबरोबर विलीने काम केलेलं, हॉवर्डचं नावही विलीने सुचवलेलं. ऑफिस म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या भागात ढकलत आणलेलं टाइपरायटरचं छोटं टेबल आणि त्यावर आवाज मुद्रित करणारं, तारेवर चालणारं यंत्र. बस. मागे घर तसंच अंधारात उभं.

विलीला सांगायचंय की आता प्रवास झेपत नाही, शहरातच काहीतरी द्या. हॉवर्ड यंत्र ऐकवण्यात गुंग. त्याची मुलगी शीळ घालते, पाच वर्षांचा मुलगा राज्यांच्या राजधान्या वर्णानुक्रमे म्हणून दाखवतो, बायको लाजून काही बोलत नाही. यंत्राची किंमत दीडशे डॉलर, हॉवर्ड सहज सांगतो; तुम्हीही एक घ्या म्हणतो. विली मग पगाराचं बोलतो. आठवड्याला पासष्ट डॉलर मिळाले तरी पुरे. मग पन्नास. मग चाळीस. हॉवर्डने कौतुकाने ऐकवलेलं खेळणं विलीच्या शेवटच्या मागणीच्या जवळजवळ चार आठवड्यांच्या पगाराइतकं आहे, हे मिलर कुठेही बोलून दाखवत नाही. आकडे नुसते टाकून देतो. हिशेब खुर्चीत बसलेल्याने करायचा.

हॉवर्ड बाहेर जातो. विली टेबलावर हात टेकतो आणि यंत्र चुकून सुरू होतं. पोराचा आवाज पुन्हा राजधान्या म्हणू लागतो आणि विलीला तो बंद करता येत नाही. तो ओरडतो. मागचं घर या वेळी काय करतं? काही नाही. त्याचे हप्ते चालू आहेत, एवढंच. शेवटचा हप्ता बाकी आहे, पंचवीस वर्षांचं कर्ज, सकाळीच बायकोने, लिंडाने, सांगितलं होतं. ऑफिसाचं वेगळं नेपथ्य लावलं, घर झाकलं, की या प्रवेशातून हप्ता गायब होतो. घर दिसत राहिलं की विली चाळीस डॉलर का मागतोय हे विचारावं लागत नाही.

या प्रयोगाचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा याच प्रवेशाशी येतो. दिग्दर्शकाने मूळ नेपथ्य वापरलं याला कुणी संग्रहालय म्हणालं, कुणी आदरांजली. माझ्या लेखी त्याने संहितेचं एक पान, जे बाकीचे गाळतात, ते गाळलं नाही, इतकंच.

चव्वेचाळिसाव्या वर्षी साठी

विली होता फिलिप सीमोर हॉफमन. वय चव्वेचाळीस. शाळेत असताना त्याने एकदा विली केला होता. ब्रॉडवेवर आधी ‘ट्रू वेस्ट’ आणि ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ करून दोन्हींसाठी टोनीचं नामांकन मिळवलेलं. लिंडा एमंड विलीची बायको, फिन विट्रॉक धाकटा हॅपी, आणि थोरला बिफ अँड्र्यू गारफिल्ड, ब्रॉडवेवर पहिल्यांदाच.

हॉफमन फार तरुण आहे, अशी कुरकुर झाली. ती टिकत नाही. 1949 साली पहिला विली करणारा ली जे. कॉब सदतीस वर्षांचा होता. मिलरला विली मुळात चणीने लहान माणूस हवा होता. लोक त्याला पाठीमागे ‘कोळंबी’ म्हणतात असं वाक्य होतं. धिप्पाड कॉब आला आणि कोळंबीचा ‘वॉलरस’ झाला. 1984 साली डस्टिन हॉफमनसाठी कोळंबी परत आली. विलीचं शरीर असं दर वेळी बदलत आलंय, तिथे वयाचं काय घेऊन बसायचं.

खरा प्रश्न दुसरा होता. हॉफमनचा विली दोन बॅगा घेऊन आत येतो तेव्हाच संपलेला असतो. काही समीक्षकांना तेच खटकलं, आणि मला त्यांचं पटतं. नाटकाला विलीची *विक्री* लागते. हा माणूस एकेकाळी खोलीत शिरला की लोक हसायचे, निदान तो तरी तसं मानायचा. ती खोटी ऐट प्रेक्षकाला काही काळ खरी वाटली पाहिजे, तर तिचं पडणं मोजता येतं. सुरुवातीलाच तळाशी असलेल्या माणसाला पडायला जागा कुठून आणणार? आणि जुन्या नेपथ्याने ही उणीव झाकली नाही, उलट उघडी केली. पानांची सावली घरावर पसरते तेव्हा विली तरतरीत व्हायला हवा. घर उजळलं आणि माणूस थकलेलाच राहिला, तर प्रेक्षकाचं लक्ष पानांकडे जातं.

ती कमी मुलांनी बरीचशी भरून काढली. शेवटी बिफ बापाला सांगतो की मी काहीही नाही, तूही काही नाही, ते स्वप्न जाळून टाक, आणि रडत त्याला बिलगतो. विली त्यातून एवढंच उचलतो की पोराचं आपल्यावर प्रेम आहे. आणि त्या प्रेमाच्या भरात वीस हजारांच्या विम्यासाठी गाडी घेऊन निघतो. गारफिल्डचं ते कोसळणं ज्यांनी पाहिलं ते नाटक म्हटलं की तेच आधी सांगतात. बाप सुरुवातीपासूनच खलास झालेला आणि मुलगा आज खलास होतोय, असा काहीसा तोल या प्रयोगाचा झाला. मिलरला तो चालला असता की नाही, यावर वाद घालता येईल.

15 मार्चला अधिकृत शुभारंभ झाला आणि 2 जूनला मुक्काम संपला. मर्यादितच प्रयोग ठरलेले. टोनी पारितोषिकांत उत्कृष्ट पुनरुज्जीवित नाटक आणि उत्कृष्ट दिग्दर्शन ही दोन मिळाली. हॉफमन, गारफिल्ड आणि एमंड यांना नामांकनं. चांगल्या जागांची प्रीमियम तिकिटं काहीशे डॉलरना जात होती. आठवड्याला चाळीस डॉलर मागणाऱ्या माणसाची गोष्ट इतक्या महाग खुर्चीत बसून पाहण्यातला विनोद तेव्हाही लोकांच्या लक्षात आला, लिहिलाही गेला. 1949 साली फिलाडेल्फियाच्या पूर्वप्रयोगानंतर टाळ्या वाजवायचं विसरून माणसं खुर्चीत बसून राहिली होती, पुरुष तोंड झाकून रडत होते, असं मिलरने लिहिलंय. प्रेक्षकांत एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचा मालक होता, त्याने नंतर म्हणे हुकूम काढला की वय झालं म्हणून कुणालाही काढायचं नाही. 2012च्या प्रेक्षकांत विली कमी आणि हॉवर्ड जास्त असणार, हा तिकिटाच्या दराचा सरळ परिणाम. यावर निकोल्सकडे इलाज नव्हता. ब्रॉडवेचं अर्थकारण त्याच्या हातात नव्हतं.

हॉफमन 2014च्या फेब्रुवारीत गेला, निकोल्स त्याच नोव्हेंबरात. रंगभूमीवर दोघांचंही हे शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक ठरलं, आणि घर पुन्हा खोक्यांत गेलं.

शेवटची रंगसूचना मात्र राहते. लिंडा थडग्यापासून उठते, बिफ तिला धरून नेतो, सगळे निघून जातात. अंधारत जाणाऱ्या रंगमंचावर फक्त बासरी उरते, आणि घराच्या वर इतका वेळ धूसर असलेल्या इमारती धारदार होऊन उभ्या राहतात. मग पडदा. बॅरिमोरमधून बाहेर पडून ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर आलं आणि दक्षिणेकडे पाहिलं, की एक रस्ता ओलांडून मॅरियट मार्कीचा मनोरा दिसतो, मोरोस्को होतं त्या जागेवर, रात्री सगळे मजले उजळलेला.